ठेल्यावरची छत्री: बनवायला सोपी कशी करायची

उन्हाळा लागला की इंदुरात राजवाड्यापासून पाटनीपुऱ्यापर्यंत भाजीच्या, पोहे-जिलबीच्या, उसाच्या रसाच्या ठेल्यांवर मोठ्या छत्र्या उभ्या राहतात. त्यातली बहुतेक छत्री म्हणजे हातातली पावसाळी छत्री, फक्त मोठी केलेली. आठ काड्या, प्रत्येक काडीला खालून आधार देणारी दुसरी काडी, मधोमध दांड्यावर सरकणारा रनर, आणि वर तारेत ओवलेली खाचांची चकती. सॅम्युअल फॉक्सने १८५२ मध्ये इंग्लंडात पोलादी पन्हळीची काडी आणली, तेव्हापासून हातातल्या छत्रीचा हा सांगाडा फारसा बदललेला नाही, कारण त्याच्यावरच्या अटी कडक आहेत: वजन हलकं हवं, एका हाताने, पावसात, चालता चालता उघडता आली पाहिजे.

ठेल्यावरच्या छत्रीला यातली एकही अट नाही. ती सकाळी एकदा उघडते, संध्याकाळी एकदा मिटते, दोन्ही हात मोकळे असतात आणि ती कोणी खांद्यावर घेऊन हिंडत नाही. या अटी सोडून दिल्या की छत्री बनवण्यातला अवघड भाग बराचसा गळून पडतो. सांवेर रोडवर पाइप कापण्याचं, ड्रिलिंगचं आणि शिलाईचं काम करणाऱ्या साध्या वर्कशॉपला जमेल, साच्यावर पैसे घालावे लागणार नाहीत, अशी एक रचना खाली मापांसकट दिली आहे.

अडचण सांध्यांत आहे

नेहमीच्या आठ काड्यांच्या छत्रीत बिजागरीसारखे हलणारे सांधे चोवीस असतात: आठ वरच्या चकतीत, आठ काडी आणि आधाराच्या जोडावर, आठ रनरमध्ये. पाइप कापायला मिनिटभर लागतं, कळ्या (छत्रीच्या कापडाचे त्रिकोणी तुकडे) कापायला आणखी थोडं. वेळ जातो तो या चोवीस जागांवर. सगळ्यात त्रासाची जागा वरची चकती. तिथे आठही काड्यांची टोकं एकाच तारेत ओवून, तार ताणून, पिळून बसवावी लागते. सात बसतात, आठवी बसवताना तिसरी निसटते. हे काम सरावलेला कारागीरच करतो, आणि तो सुट्टीवर गेला की माल अडतो. शिवाय वापरात एक काडी मोडली तर सगळी तार सोडावी लागते, म्हणून दुरुस्ती कोणी करत नाही.

म्हणून पहिला प्रश्न काड्या किती, हा. समान लांबीच्या काड्या धरल्या तर आठ काड्यांची सावली (काडीची आडवी पोच म्हणजे त्रिज्या, तिच्या वर्गाच्या) २.८३ पट, सहांची २.६० पट आणि चारांची २ पट पडते. म्हणजे आठांवरून सहांवर आलो तर सावली फक्त आठ टक्के घटते, पण सांधे चोवीसचे अठरा होतात, कळ्या आठाच्या सहा होतात. चारांवर आलो तर सावली जवळजवळ तीस टक्क्यांनी जाते आणि कळ्या इतक्या रुंद होतात की मधे पाणी साचतं. सहा हा आकडा इथून आला. पाच का नाही? पाचाचा कोन मोजपट्टीवाल्याला मांडायला कटकटीचा, आणि समोरासमोर काडी नसल्यामुळे ठेल्याच्या सरळ कडेला काठ जुळत नाही.

दुसरा निर्णय: काड्या सरळ. वाकवलेली काडी दिसायला डौलदार असते, पण मग कळीच्या दोन्ही बाजूही वाकड्या कापाव्या लागतात, आणि वाकडी बाजू वाकड्या बाजूला शिवताना कापड सरकतं. काडी सरळ ठेवली की कळी म्हणजे सरळ बाजूंचा त्रिकोण. आपली छत्री घुमटासारखी न दिसता सहा पाखांच्या छपरासारखी दिसेल, एवढंच.

पाइप वाया जाऊ नये अशी मापं

पाइप बाजारात साधारण ६ मीटर लांबीचा मिळतो, त्यामुळे काडीचं माप मनाला वाटेल ते न घेता त्या लांबीतून काढायचं. अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी बाहेरचा व्यास आणि १८ गेज, म्हणजे १.२ मिमी भिंत असलेला गोल एमएस (साध्या पोलादाचा) पाइप घ्या. एका पाइपातून १२५ सेंमीच्या चार काड्या आणि ४९ सेंमीचे दोन टेकू (काडीला खालून तोलणारा आधार) निघतात. बेरीज ५९८ सेंमी, उरलेला दीड-दोन सेंमी कटरच्या पात्यात जातो. असे सहा पाइप कापले की २४ काड्या आणि १२ टेकू होतात, आणि सातव्या पाइपाचे नुसते टेकू पाडले तर आणखी १२. म्हणजे सात पाइपात चार छत्र्या, भंगार जवळपास शून्य. लोहामंडीतून पाइप उचलताना लांबी मात्र टेपने मोजून घ्या. टोक कातरलेलं असेल तर शेवटचा टेकू आखूड येतो आणि तो एक टेकू सगळी छत्री वाकडी करतो. का, ते पुढे येईलच.

काडीचं एक टोक आणि टेकूची दोन्ही टोकं प्रेसवर चपटी करायची आणि टोकापासून १ सेंमीवर भोक पाडायचं. चपटं करताना पाइपाची वेल्डची रेघ चपट्या अंगावर यायला हवी. ती दुमडणाऱ्या कडेवर आली तर तिथेच चीर पडते, कधी प्रेसवर, कधी दोन महिन्यांनी. पाइप ठोकून पार चिकटवू नका, एकूण जाडी ३ मिमीच्या आसपास ठेवा. आधीच जस्त चढवलेला पाइप चपटा केला की दुमडीवरचं जस्त सुटतं आणि गंज तिथूनच सुरू होतो, म्हणून काळा पाइप घेऊन सगळं काम झाल्यावर पावडर कोटिंग करावं. त्या रंगाची जाडी भोकातही बसते. पिन ५ मिमीची असेल तर भोक साडेपाचचं पाडायचं, नाहीतर रंगून आलेल्या मालात पिन जात नाही आणि मुलं हातोडीने ठोकत बसतात.

आता टेकूंची अचूकता. टेकूची भोकापासून भोकापर्यंतची लांबी ४७ सेंमी. ती एका टेकूत २ मिमीने चुकली तर काडीचं टोक साडेसहा मिमी वर किंवा खाली जातं, कारण टेकू काडीला आतल्या बाजूला धरतो आणि बाहेरचा भाग ती चूक तिपटीने वाढवून दाखवतो. मोजपट्टीने खूण करून ड्रिल मारलं की दोन मिमीची चूक सहज होते. उपाय एकच: जाड लोखंडी पट्टीवर ४७ सेंमीवर दोन खुंट्या वेल्ड केलेली जिग. एका टोकाचं भोक खुंटीत अडकवायचं, दुसरं जिगच्या बुशमधून (ड्रिल सरळ ठेवणाऱ्या नळीतून) पाडायचं. मग लांबी ४७ आली की ४६.९, याने फरक पडत नाही. सगळे टेकू सारखे असणं महत्त्वाचं.

चार चकत्या, चारही सारख्या

तारेत ओवायची चकती काढून टाकण्यासाठी ही युक्ती. १२ मिमी जाडीच्या काळ्या एचडीपीई (टणक प्लास्टिक) शीटमधून १२० मिमी व्यासाची गोल चकती कापायची. मधे दांड्यासाठी ३९ मिमीचं भोक. कडेकडून आत जाणाऱ्या सहा खाचा, प्रत्येक ४ मिमी रुंद, चपट्या टोकाला सैल बसतील अशा. आणि प्रत्येक खाचेला आडवी, मध्यापासून ४० मिमी अंतरावर, ३० मिमी लांबीची अर्धगोल चर, खोली पिनच्या जाडीच्या निम्मी. खाचांच्या मधल्या जागेत तीन बोल्टची भोकं.

जोडणी अशी: चकती टेबलावर ठेवा, चर वर. काडीच्या भोकात ५ मिमी सळईचा ३० मिमीचा तुकडा घाला आणि तो चरीत ठेवून द्या. सहाही काड्या अशाच. वरून दुसरी चकती पालथी ठेवा, तीन एम६ (६ मिमी जाडीचे) बोल्ट कसा. झालं. काहीही ताणायचं नाही, ओवायचं नाही, प्रत्येक भाग वरून ठेवायचा आणि तो आपल्या वजनाने तिथे थांबतो. नवीन मुलगा पहिल्या दिवशी हे काम करू शकतो. एक काडी मोडली तर तीन बोल्ट काढून ती बदलता येते, बाकीच्या पाच जागच्या हलत नाहीत.

खालची, दांड्यावर सरकणारी जोडीही याच दोन चकत्यांची. म्हणजे छत्रीला चार चकत्या आणि चारही एकाच फाइलवरून कापलेल्या. दारांवर नक्षी कोरणारी सीएनसी राउटरची (संगणकावर चालणाऱ्या कोरीव यंत्राची) दुकानं हे काम करून देतात, त्यांच्यासाठी एचडीपीई लाकडापेक्षा मऊ आहे. रंग काळाच घ्या. काजळी मिसळलेलं प्लास्टिक उन्हात टिकतं, पांढरं काही वर्षांत ठिसूळ होतं. नायलॉनमध्ये साचा बनवून ओतलेली चकती नगामागे स्वस्त पडते हे खरं, पण साच्याची किंमत वसूल व्हायला हजारोंनी छत्र्या खपाव्या लागतात. पहिल्या शंभर-दोनशे नगांसाठी तो विचार करू नये.

वरची जोडी दांड्याला पक्की करताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. कापड काडीचं बाहेरचं टोक खाली खेचतं, टेकू मधे तोलतो, त्यामुळे काडीचं आतलं टोक वर उसळी घेतं. चकतीला फक्त खालून बोल्टवर टेकवलं तर छत्री ताणल्यावर ती दांड्यावरून वर सरकते. तिच्या वर आणि खाली, दोन्हीकडे दांड्यातून आरपार एम६ बोल्ट हवेत.

टेकू काडीला कुठे आणि कसा जोडायचा

वरच्या पिनपासून काडीवर ४८ सेंमी मोजा. तिथे २० मिमी रुंद, २ मिमी जाड पट्टीची यू आकाराची क्लिप काडीभोवती बसवायची आणि तिच्या खाली लोंबणाऱ्या दोन पाकळ्यांमधे टेकूचं चपटं टोक एम५ बोल्टने अडकवायचं. टेकूचा बोल्ट काडीच्या मध्यरेषेच्या साधारण १४ मिमी खाली येतो. क्लिप सरकू नये म्हणून बाजूने एक ३.२ मिमीचा पॉप रिव्हेट.

बाजूनेच, वरून नाही. काडी वाकते तेव्हा पाइपाच्या वरच्या आणि खालच्या अंगावर सगळा ताण येतो, बाजूची मध्यरेषा जवळजवळ मोकळी असते. वरून खाली आरपार भोक पाडलेली काडी पहिल्या जोराच्या वाऱ्यात नेमकी त्या भोकाशी मोडते. मोडलेल्या छत्र्यांचा ढीग बघा, बहुतेक काड्या तिथेच गेलेल्या दिसतील.

या मापांनी छत्री उघडली की काडी आडव्या रेषेच्या २५ अंश खाली उतरते आणि खालची चकती वरच्यापासून ४१ सेंमीवर येते. मिटली की ती ९५ सेंमीवर जाते. दोन्ही चकत्या सारख्याच रुंद असल्यामुळे मिटलेल्या काड्या खालच्या चकतीला टेकून थोड्या फाकलेल्या राहतात. बारीक चकती वापरून ते टाळता येईल, पण त्यासाठी आणखी एक वेगळा भाग कापावा लागेल. ठेल्यावाल्याला त्याने काही फरक पडत नाही, छत्री दोरीने बांधली की पुरे.

दांडा ३८ मिमी, १६ गेज, लांबी सुमारे अडीच मीटर, शिवाय बुडात (छत्री उभी धरणाऱ्या जड पायथ्यात) जाईल तेवढी. खालची चकती थांबवायला दांड्यात ८ मिमीची तीन भोकं: वरच्या चकतीपासून ४२.५, ४१ आणि ३९.५ सेंमीवर. चकती वर ढकलायची आणि खालून साखळीला बांधलेली पिन घालायची. घोडा, स्प्रिंग, चरखी काही नाही. दर दीड सेंमीला काडी अंशभर उचलते आणि काठाचा घेर जवळपास पाऊण टक्क्याने वाढतो. नवीन कापड ४२.५ ला नुसतं ताणात येतं, ४१ ला तंग बसतं, आणि दोन मोसमांनी सैल झालं की ३९.५ चं भोक कामाला येतं.

कापड

ही बाजू शिंप्याची, पण इथेही माप बाजारातल्या पन्ह्यावरून काढायचं. पीयू (पॉलियुरेथेन) लेप दिलेलं पॉलिस्टर बहुतेक ५८ इंच, म्हणजे १४७ सेंमी पन्ह्यात येतं. महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमध्ये चौकशी करताना लेप कोणत्या बाजूला आहे तेही बघून घ्या, तो आत ठेवायचा. विण दाट आणि रंग गडद असेल तर अतिनील किरणं कमी झिरपतात. पांढरं पातळ कापड थंड दिसतं, पण त्याखाली उभ्या माणसाला ऊन लागतच राहतं. सगळ्यात बरं म्हणजे बाहेरून फिकं आणि आतून गडद लेप असलेलं.

प्रत्येक कळी तयार मापात: दोन्ही बाजू १२८ सेंमी, पाया ११५, उंची साधारण ११४. मोजून बघितलं तर काडीच्या टोकांमधलं अंतर ११६ भरतं. तो एक सेंमीचा फरक मुद्दाम आहे, ताण त्याच्यातून येतो. बाजूंना दीड सेंमी शिलाईसाठी सोडा. कळ्या पन्ह्यात एक सुलट, एक उलट अशा मांडल्या की सहा कळ्यांना सव्वाचार मीटर कापड लागतं आणि कडेला साधारण ३० सेंमीची पट्टी सलग उरते. ती फेकू नका, टोपी आणि खिसे त्यातूनच निघणार आहेत.

मांडताना कळीची मध्यरेषा कापडाच्या धाग्याला समांतर असली पाहिजे. मग दोन्ही बाजू सारख्याच तिरक्या कापल्या जातात आणि सारख्याच ताणतात. कापड वाचवण्यासाठी एक बाजू किनारीला लावून कापली तर ती बाजू ताणत नाही, दुसरी ताणते, आणि उघडल्यावर अख्खी छत्री पीळ घेते. हा दोष शिवल्यावर दुरुस्त होत नाही.

खालचा काठ सरळ कापू नका. मधे ६ सेंमी वर उचललेला हलका बाक द्या. सरळ काठाला दोन टोकांमधे ताणच मिळत नाही, तो वाऱ्यात फडफडतो आणि फडफडूनच फाटतो. बाक दिला की तोच काठ दोरीसारखा ताणला जातो. अशा बाकावर दुमड घातली तर चुण्या पडतात, म्हणून २५ मिमीची टेप दुमडून लावावी. सगळ्या छत्रीला सात मीटर लागते. बाक हार्डबोर्डच्या एकाच फर्म्याने काढायचा, हाताने नाही.

वरचा शेंडा १२ सेंमी कापून टाका. त्यातून गरम हवा वर निघून जाते आणि खालून आलेल्या झोताला वाट मिळते, हे सगळ्यांना माहीत असतं. शिलाईवाल्याच्या दृष्टीने फायदा निराळा आहे. सहा कळ्यांची सहा टोकं एका बिंदूत आली असती तर तिथे कापडाचे डझनभर थर जमले असते, सुई तिथे मोडते आणि पाणीही तिथूनच गळतं. शेंडा कापला की तो बिंदूच उरत नाही. भोकावर टोपी बसते. उरलेल्या पट्टीतून २६ सेंमी त्रिज्येचे दोन तुकडे, प्रत्येक १६३ अंशांचा (अर्ध्या वर्तुळाहून थोडा कमी) कापून दोन शिलायांनी जोडले की २५ अंश उताराची टोपी तयार. ती वर दांड्याच्या बोल्टखाली वॉशरने दाबायची आणि खाली फक्त सहा शिवणींवर टाचायची, मधल्या जागा उघड्या.

शिवायचा क्रम: तीन-तीन कळ्यांचे दोन अर्धे करा, मग दोन अर्धे जोडा. शिवण घडी घालून दुहेरी, टाका ३ मिमीच्या आसपास, त्याहून बारीक टाके घातले तर लेपाच्या कापडाला तिकिटासारखी छिद्रांची ओळ पडते. प्रत्येक शिवणीवर आतून टेप, कारण तिरकं कापड ओलं झालं की लांबतं आणि टेप त्याला अडवते. धागा पॉलिस्टरचाच. सुती धागा स्वस्त मिळतो, पण ऊन आणि पाऊस यांत कापडाच्या आधी तो कुजतो. काडीच्या टोकांसाठी सहा खिसे, आत रेक्झीनचा दुहेरी थर, आणि पाइपाच्या टोकाला खुर्चीच्या पायाला लावतात ते प्लास्टिकचं टोपण. सियागंजात ते डझनाने मिळतं. ते न लावता उघड्या पाइपावर खिसा चढवला तर एका मोसमात पाइप खिशाबाहेर येतो. भोकाच्या काठाशी सहा बंद, काड्यांना बांधायला.

पहिली छत्री उभी केली की चुण्या वाचा. काडीच्या टोकापासून तिरप्या निघणाऱ्या चुण्या असतील तर शिवणीवरची टेप ओढून शिवली गेली आहे. खालचा काठच लोंबत असेल तर पाया मोठा कापला. सहातली एकच कळी सैल आणि शेजारची तंग असेल तर कापडाला हात लावू नका, टेकू मोजा. कळीच्या मधोमध थोडा पोट आलेला असेल तर तो राहू द्या, तो तिरक्या कापडाचा स्वभाव आहे.

वारा आणि बूड

छत्री उलटते ती वजन कमी म्हणून, असं सगळे म्हणतात. अर्धीच गोष्ट. वाऱ्याचा दाब चौरस मीटरला ०.६ गुणिले वेगाचा वर्ग (वेग सेकंदाला मीटरमध्ये) इतका न्यूटन धरतात. ताशी ४० किमी म्हणजे सेकंदाला ११ मीटर, दाब सुमारे ७४ न्यूटन. बाजूने बघितलं तर आपल्या छत्रीचा त्रिकोण साधारण ०.६ चौरस मीटरचा, म्हणून धक्का ४५ न्यूटनच्या आसपास. पण तो जमिनीपासून २.१ मीटर वर लागतो, त्यामुळे बुडाशी उलटवणारा जोर १०० न्यूटन-मीटरपर्यंत जातो. ६० सेंमीच्या चौकोनी बुडाची कड मध्यापासून ३० सेंमीवर असते. तेवढ्यात तोलायला ३४ किलो लागतात; दीडपट सावधगिरी धरली तर ५१. त्यातले आठएक किलो छत्री आणि दांड्याचे. उरलेले ४३ किलो म्हणजे ६० बाय ६० बाय ५ सेंमीचा काँक्रीटचा चौकोन. तोच ५० सेंमीचा केला तर ५३ किलो लागतील आणि जाडी जवळजवळ ९ सेंमी होईल. रुंदी वाढवणं वजन वाढवण्यापेक्षा स्वस्त, फक्त ग्राहकाचा पाय अडखळू नये इतकी.

या हिशेबाने छत्री ताशी ५० किमीच्या सुमारास उलटायला लागेल. ६० ला दाब ४० च्या सव्वादोन पट होतो आणि खालून झोत आला तर काड्याही वाकायला लागतात. मे-जूनमध्ये माळव्यात धूळ उडवत येणारा वादळी वारा याहून जोरात असतो, त्यात छत्री मिटायचीच. पिन ओढली की ती मिटते, हा पिनेचा आणखी एक फायदा.

झुकणारा सांधा नको

विकत घेणारा हमखास विचारतो, ही झुकत का नाही? विचारणं बरोबर आहे. इंदूर २२.७ अंश अक्षांशावर आहे, मे महिन्यात मध्यान्ही, घड्याळात साधारण १२.२० च्या सुमारास, सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि सावली छत्रीच्या बरोबर खाली पडते. दुपारी चारला तो ४० अंशांपर्यंत उतरतो आणि काठाची सावली जमिनीवर सव्वादोन-अडीच मीटर पूर्वेला सरकते. ठेल्याच्या फळीवर, जी जमिनीपासून ९० सेंमीवर असते, ती सव्वा ते दीड मीटर सरकते. म्हणजे माणूस सावलीत आणि टोमॅटो उन्हात, किंवा उलट.

पण झुकणारा सांधा म्हणजे दांडा नेमका जिथे सगळा जोर पेलतो तिथे कापून त्यात गुडघा बसवायचा. तो घट्ट असेल तर वळत नाही, सैल असेल तर डुगडुगतो, आणि झुकलेल्या छत्रीखाली वारा शिरला की ती पतंगासारखी उचलते. त्याऐवजी पश्चिमेकडच्या दोन काड्यांमधे हुकाने टांगायचा एक पडदा द्या: काडीच्या खिशांजवळ दोन कड्या, ११५ बाय ९० सेंमीचं कापड, खालच्या नेफ्यात टेकूचा एखादा नापास तुकडा वजन म्हणून. चारला टांगा, सहाला काढा. वारा सुटला तर आधी पडदा काढायचा, तो धक्का जवळजवळ अडीचपट वाढवतो.

माल देण्याआधी प्रत्येक लॉटमधल्या एका छत्रीची परीक्षा घ्या. छत्री उघडून कापड न चढवता प्रत्येक काडीच्या टोकाला दोन किलोचं वजन दहा मिनिटं टांगून ठेवायचं. ताशी ४० किमीचा झोत खालून आला तर काडीला जेवढं वाकवेल, साधारण तेवढाच हा जोर आहे. वजन काढल्यावर टोक जागेवर परत आलं तर लॉट पास. दोन-तीन मिमी खाली राहिलं तर व्हर्नियर (बारीक जाडी मोजायचं साधन) घेऊन पाइपाची भिंत मोजा, १.२ च्या जागी ०.९ किंवा १ मिमी निघाली तर त्या पाइपाच्या काड्या करू नका, टेकूला तो चालतो.